बोर्डाने 'नाना' लिहिलं, मग?

उल्हासनगर स्टेशनाबाहेर रिक्षात बसलं की पत्ता कॅम्पाने सांगायचा. कॅम्प दोन, कॅम्प चार. हा 'कॅम्प' शब्द फौजेचा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर सैनिकांसाठी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पुढचं स्टेशन अंबरनाथ. तिथे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे आणि नौदलाला लागणाऱ्या पदार्थांवर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळाही. त्याच्या पुढे बदलापूर. निवृत्तीच्या पैशातून इथे वन-बीएचके घेतलेले माजी सैनिक भेटतात.

जवान चाळिशीच्या आसपासच घरी येतो. मुलांची शाळा चालू असते, घराचे हप्ते चालू असतात. मग तो एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत सिक्युरिटीचं काम धरतो, बहुतेकदा रात्रपाळीचं. पण गेटवर बसल्या बसल्या त्याला डुलक्या येतात. सुपरवायझरच्या लेखी तो कामचुकार ठरतो. बायकोची तक्रार निराळीच असते. घोरण्याची तिला सवय झालेली असते, मध्येच घोरणं थांबतं तेव्हा तिच्या पोटात गोळा येतो. डॉक्टर तपासून सांगतात, स्लीप ॲप्निया. अनेकदा हेच नाव जवानाच्या सर्व्हिस फाइलमध्ये आधीच लिहिलेलं असतं आणि त्यापुढे मेडिकल बोर्डाने चार इंग्रजी अक्षरं मारलेली असतात. ती एका दमात वाचली की 'नाना' होतं.

मराठी घरात नाना म्हणजे वडीलधारा माणूस. या कागदावरचा नाना म्हणजे हा आजार ना सेवेमुळे झाला, ना सेवेमुळे बळावला. त्या दोन 'ना'पुढे अपंगत्व पेन्शन अडते. पण बोर्डाने नाना लिहिलं म्हणजे विषय संपला, असं मुळीच नाही.

घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

आपल्याकडे घोरणाऱ्या माणसाला 'सुखात झोपलाय' म्हणतात. खरी गोष्ट उलटी आहे. झोपेत घशामागचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट अरुंद होते किंवा पूर्ण मिटते. छाती हलत राहते, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, मोठा आवाज करत वाट उघडते आणि पुन्हा घोरणं सुरू होतं. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. आठवतो तो जडपणा, डोकेदुखी आणि दिवसभराची झापड.

किमान दहा सेकंद श्वास थांबला तर तो एक झटका धरतात. रात्रभर यंत्रं लावून झोपेची तपासणी केली की तासाला असे पूर्ण आणि अर्धवट मिळून किती झटके आले ते कळतं. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम आणि तीसच्या वर म्हणजे तीव्र. तासाला तीस याचा अर्थ रात्रभर दर दोन मिनिटांनी एकदा श्वास अडकणं. यावरचा मुख्य उपाय म्हणजे सीपॅप नावाचं यंत्र. नाकावर मास्क लावून ते हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली.

हा आजार एकटा राहत नाही. रात्रीत शेकडो वेळा दचकणाऱ्या शरीराचा रक्तदाब वाढतो, कधी कधी औषधांनाही तो दाद देत नाही. हृदयाचे ठोके अनियमित होणं, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशीही त्याचं नातं आहे. म्हणून फाइलमध्ये बऱ्याचदा दोन-तीन आजार एकत्र दिसतात आणि अपील करताना त्यांचा एकत्रच विचार करावा लागतो.

वीस टक्के म्हणजे किती रुपये?

सेवेतून बाहेर पडताना प्रकृतीत दोष असलेल्या प्रत्येकाचं रिलीज मेडिकल बोर्ड होतं. बोर्ड दोन प्रश्नांची उत्तरं देतं. अपंगत्व किती टक्के? आणि त्याचा सेवेशी संबंध आहे का? संबंध दोन प्रकारचा असू शकतो. आजार सेवेमुळे झाला असेल, किंवा आधीचा असून सेवेमुळे बळावला असेल. दोहोंपैकी एक पुरे. पूर्ण सेवा करून निवृत्त होणाऱ्याला त्याशिवाय अपंगत्व किमान २० टक्के असावं लागतं.

पैशाचा हिशेब सोपा आहे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते, त्याखाली त्याच प्रमाणात. शेवटचं वेतन ५० हजार धरलं, तर शंभर टक्क्यांना १५ हजार आणि वीस टक्क्यांना ३ हजार. शिवाय त्यावर महागाई भत्ता, आणि हे सगळं नेहमीच्या पेन्शनखेरीज.

इथे एक मोठी सवलत आहे. ५० टक्क्यांखालचं अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि त्यावर १००. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने ती आली, पण केवळ आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांसाठी. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात ती पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही दिली. वरच्या उदाहरणातले ३ हजार या निकालामुळे साडेसात हजार होतात. आता 'नाना'मुळे दरमहा काय हातचं जातं ते कळेल.

कारण द्यायचं कुणी?

या साऱ्या कायद्याची कळ एका प्रश्नात आहे. संबंध सिद्ध करायची जबाबदारी कुणावर, जवानावर की सरकारवर?

१९८५ साली सिग्नल्समध्ये भरती झालेल्या धर्मवीर सिंह यांना अपस्माराच्या आजारामुळे १९९४ मध्ये घरी पाठवलं गेलं. अपंगत्व वीस टक्के. बोर्डाने आजार प्रकृतीतलाच असल्याचं म्हटलं आणि संबंध नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २ जुलै २०१३ च्या निकालात न्यायालयाने पेन्शनच्या पात्रतेविषयीच्या १९८२ च्या नियमांचा अर्थ स्पष्ट केला. भरतीच्या वेळी तपासणीत जवान धडधाकट ठरला आणि कागदावर कसलीही नोंद नसली, तर तो धडधाकटच होता असं धरायचं. पुढे प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असं मानायचं. याच्या उलट म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं द्यायची. शंकेचा फायदा जवानाला.

पुढच्या निकालांनी हा धागा पक्का केला. २०१५ चं राजबीर सिंह प्रकरण त्याच वाटेवरचं. मे २०२५ मध्ये राजूमोन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कारणं न देता नोंदवलेल्या बोर्डाच्या मताच्या आधारे पेन्शन नाकारता येणार नाही. मराठी वाचकाला जवळचं वाटेल असं प्रकरण म्हणजे गावस आडनावाच्या निवृत्त सुभेदारांचं. त्यांचा आजार मधुमेह. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. आजार शांत ठिकाणच्या पोस्टिंगवर असताना सुरू झाला, एवढ्याच कारणाने सेवेचा संबंध तुटत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मधुमेह, रक्तदाब आणि स्लीप ॲप्निया या तिन्हींपुढे बोर्ड हेच दोन शेरे वारंवार लिहितं, 'शांत ठिकाणी सुरू झाला' आणि 'जीवनशैलीचा आजार'. म्हणून गावस निकाल झोपेच्या आजारालाही उपयोगी पडतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१९ च्या नरसिंग यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन नाकारली. बोर्ड हे तज्ज्ञांचं मंडळ आहे, सबळ आधार नसताना त्याचं मत बाजूला सारता येत नाही, हा तिथला सूर. म्हणजे नुसतं 'न्यायालयं जवानाच्या बाजूने आहेत' म्हणून भागत नाही. आपल्या बोर्डाने काय लिहिलं आणि काय लिहायचं टाळलं, ते दाखवावं लागतं.

नियमही बदलत गेले आहेत. २००८ च्या नियमांत जुन्या गृहीतकांची भाषा सौम्य झाली. पुरावा देण्याची जबाबदारी साधारणतः दावेदारावर नाही हे मात्र त्यातही आहे. पण सेवा सोडल्यावर पंधरा वर्षांनी दावा केला आणि तोवर सर्व्हिसचे कागद नष्ट झालेले असले, तर जबाबदारी दावेदारावर येते. २१ सप्टेंबर २०२३ पासून आणखी नवे नियम आले. त्यांत पूर्ण सेवा करून निवृत्त होणाऱ्याला मिळणाऱ्या रकमेला 'इम्पेअरमेंट रिलीफ' असं वेगळं नाव आहे. तेव्हा कुणाचाही निकाल पुढे करण्याआधी स्वतःच्या निवृत्तीची तारीख पाहायची आणि आपल्याला कोणते नियम लागतात ते ठरवायचं.

वजनाचा मुद्दा

स्लीप ॲप्नियाच्या फाइलवर बोर्ड पहिलं बोट पोटाकडे दाखवतं. वजन वाढलं, म्हणून आजार. वजन तुमचं, म्हणून आजारही तुमचा. हा मुद्दा पोकळ नाही. लठ्ठपणा हे या आजाराचं मोठं कारण आहेच. पण ते एकमेव नाही. जबड्याची ठेवण, नाकाचं हाड, मानेचा घेर, घरातला वारसा यांचाही त्यात वाटा असतो. शिवाय वजन का वाढलं, हा पुढचा प्रश्न उरतोच.

फौजेत दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते आणि प्रत्येक वेळी वजन लिहिलं जातं. हे आकडे कोऱ्या कागदावर एकाखाली एक उतरवून काढा. समजा, एका हवालदाराचं वजन भरतीनंतर बारा वर्षं ६४ ते ६८ किलोच्या आत आहे. तेराव्या वर्षी सरावात गुडघा दुखावला, तो इजेचा अहवाल फाइलमध्ये आहे. त्यानंतर धावणं, परेड आणि उड्या बंद, मेडिकल कॅटेगरी खाली. पुढच्या तीन वर्षांत वजन ७९. अठराव्या वर्षी रक्तदाब, एकोणिसाव्या वर्षी स्लीप ॲप्निया. शेजारच्या रकान्यात पोस्टिंग लिहा. कुठे उंचावर, कुठे सीमेवर, कुठे रात्रीच्या गार्ड ड्यूट्या. आता हा एक पानाचा तक्ता स्वतःच बोलू लागतो. गुडघ्याची इजा सेवेतली. इजेमुळे हालचाल थांबली, त्यामुळे वजन वाढलं आणि वजनामुळे घसा मिटू लागला. 'जीवनशैली' या एका शब्दात बोर्डाने ही साखळी गुंडाळली असेल, तर अपिलात तीच कडीकडीने उलगडून दाखवायची.

साखळी खरी असेल तरच हे करायचं. वजन आधीपासूनच चढतं असेल आणि इजेची नोंदच नसेल, तर ओढूनताणून जोडलेला संबंध पहिल्याच सुनावणीत सुटतो.

पायरी पायरीने

नकाराचं पत्र बहुधा रेकॉर्ड ऑफिसकडून येतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला. नौदलाच्या नाविकांची कागदपत्रं पाहणारं कार्यालय मानखुर्दच्या चीता कॅम्पात आहे, अंबरनाथहून लोकलने जाण्याच्या टप्प्यात. पत्र हातात पडलं त्या तारखेवर वर्तुळ करा, कारण मुदत तिथून सुरू होते.

पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत, मुख्यालयातल्या पहिल्या अपील समितीकडे. तिने नाही म्हटलं तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं अपील, वरच्या पेन्शन समितीकडे. दोन्ही टप्प्यांना वकील लागत नाही. लागतो तो नेमका अर्ज. बोर्डाचं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, त्याखाली ते का टिकत नाही ते, आणि त्याखाली जोडलेल्या कागदाचा क्रमांक. चार पानांची कैफियत कुणी वाचत नाही.

तिथेही नाही झालं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झालं आणि २००९ पासून काम करू लागलं. आपल्यासाठी त्याचं मुंबई खंडपीठ. शेवटच्या आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो, उशिराचं सबळ कारण असेल तर तो माफही होतो. अपिलावर सहा महिने उत्तरच आलं नाही तरीही न्यायाधिकरणात जाता येतं. वर्षानुवर्षं गप्प बसलेल्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा तरसेम सिंह निकाल आहे. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, त्यामुळे दावा शिळा होत नाही. पण त्या निकालानुसार मागची थकबाकी साधारणतः अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. उशिराची किंमत अशी वर्षांत मोजली जाते.

न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येते, हे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परशोतम दास प्रकरणात पक्कं केलं. हा रस्ता दोन्ही बाजूंना खुला आहे. जवान जिंकला तर सरकारही वर जाऊ शकतं.

एक खुलासा अंबरनाथकरांसाठी. ऑर्डनन्स फॅक्टरीतले कामगार हे सैनिक नव्हेत. त्यांचे अपंगत्वाचे नियम नागरी सेवेचे आणि दाद मागायची ती केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे. संरक्षण आस्थापनांच्या गेटवर उभा राहणारा डिफेन्स सिक्युरिटी कोअरचा जवान मात्र सैनिकच. त्याच्यासाठी वर सांगितलेली वाट.

कागद कुठून आणायचे?

बऱ्याच जणांकडे बोर्डाची पूर्ण प्रत नसतेच, फक्त नकाराचं पत्र असतं. माहितीच्या अधिकारात रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपये भरून अर्ज करा. स्वतःच्या बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल, सगळ्या वार्षिक तपासण्या, इजेचे अहवाल आणि पोस्टिंगची यादी मागा. उत्तराची मुदत तीस दिवस. झोपेच्या तपासणीचा मूळ अहवाल हवाच, त्यातल्या आकड्यावाचून 'मला श्वास अडकतो' हे नुसतं गाऱ्हाणं ठरतं.

बायकोचं म्हणणंही लिहून घ्या. श्वास थांबलेला रुग्णाला कधीच दिसत नाही, तो शेजारी झोपलेल्याला दिसतो. सुट्टीवर आलेल्या नवऱ्याचं घोरणं कोणत्या वर्षापासून बदललं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. बराकीत शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या साथीदाराचंही तसंच. याने निकाल फिरत नाही, पण आजार सेवेत असतानाच सुरू झाला या मुद्द्याला आधार मिळतो.

मदतीसाठी ठाण्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिकांना कायदेशीर मदत मिळावी म्हणून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली, तिचीही चौकशी तिथे करा. 'टक्के वाढवून देतो' म्हणत थकबाकीत वाटा मागणाऱ्या दलालांपासून मात्र चार हात लांब राहा.

अमेरिकेचे व्हिडिओ पाहून फसू नका

मोबाइलवर हा विषय शोधला की अमेरिकी माजी सैनिकांचे व्हिडिओ समोर येतात. तिथे सीपॅप लागत असेल तर सरसकट ५० टक्के अपंगत्व धरण्याचा नियम अनेक वर्षं चालत आला. एका सेवाजन्य आजारामुळे झालेला दुसरा आजारही तिथे सेवाजन्य मानतात. फेब्रुवारी २०१९ पासून तिथे अपिलाचे तीन मार्ग आहेत: नवा पुरावा देणं, वरिष्ठाकडून फेरतपासणी किंवा थेट अपील मंडळ. आपल्याकडे यातलं काहीच जसंच्या तसं लागू नाही. इथे सीपॅप लागतं म्हणून टक्के आपोआप ठरत नाहीत. ते बोर्ड ठरवतं, आणि दोन-तीन आजार असतील तर टक्क्यांची सरळ बेरीजही करत नाही. अमेरिकेकडून शिकण्यासारखं एकच, एका आजारातून दुसरा कसा उगवला याची कागदोपत्री मांडणी.

शेवटी दोन कामं. पहिलं प्रकृतीचं. अपिलाला वर्षं लागतात, आणि उपचाराविना राहिलेला स्लीप ॲप्निया तोवर हृदय आणि मेंदूवर आपलं काम करत राहतो. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, तिथे सीपॅपची मागणी करता येते. नाकावर मास्क लावून झोपायची लाज बाळगू नका. डोळ्यांवर झापड असेल त्या दिवशी स्टिअरिंग हातात घेऊ नका.

दुसरं काम आज रात्रीचं. माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढा, तिच्यातला बोर्डाचा कागद शोधा. 'नाना'च्या पुढे कारणाच्या जागेत काय लिहिलंय ते वाचा. तिथे नुसतं 'जीवनशैली' किंवा 'शांत ठिकाणी सुरुवात' एवढंच असेल, तर तुमच्या अपिलाची पहिली ओळ तिथेच लिहून ठेवलेली आहे.